गाठीतली पेशी चालायला लागते ती कोणाच्या सांगण्यावरून?

वणीकडच्या एका खेड्यातली मुलगी एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने विचारलंय: "स्तनातल्या पेशींचं स्थलांतर आणि आक्रमण संकेत-रेणू ठरवतात असं पुस्तकात आहे. नावं पाठ आहेत, चित्र डोळ्यांसमोर येत नाही. घरी आत्याच्या छातीत गाठ आहे. आजी म्हणते, सुई लावली का पसरते. आमच्या गल्लीतल्या एका काकूंना सुई लावली आणि सहा महिन्यांत मणक्यात गेलं. पेशीला चालायला लावणारा रेणू नेमका कोणता, आणि सुईचा त्याच्याशी काही संबंध आहे का?"

संकेत-रेणू म्हणजे पेशीला मिळणारा निरोप. उत्तर लांबणार आहे. आणि आधीच सांगतो, 'नेमका कोणता' याचं उत्तर एका नावात मिळणार नाही. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणजे गाठीतल्या पेशी तपासून आजार ओळखणारा डॉक्टर. तालुक्याच्या गावी सव्वीस वर्षं तपासणीसाठी गाठींना सुया लावतोय नि स्लाइडी बघतोय. त्याआधी तीन वर्षं मुंबईला पेशी वाढवायच्या लॅबमध्ये होतो. चालणारी पेशी मी जिवंत पाहिली आहे आणि रंगवून काचेवर चिकटवलेलीही. काचेवरची पेशी कुठून निघाली आणि कुठे चालली होती ते सांगत नाही. निम्मे गैरसमज तिथूनच येतात.

सुरुवात कॅन्सरपासून करायचीच नाही. वयात येण्याआधी मुलीच्या स्तनात दूधनळ्यांची जेमतेम काही मुळं असतात. वयात येताना त्या नळ्या चरबीत घुसत पुढे जातात, फाटे फोडतात. उंदरांत हे फार बारकाईने पाहिलेलं आहे. नळीच्या टोकाला पेशींचा एक फुगीर कोंब असतो, टर्मिनल एंड बड म्हणतात त्याला, आणि तो अख्खा कोंब एकत्र पुढे सरकतो. चालणं, घुसणं, वाट काढणं ही तिथली रोजची, निरोगी कामं. हुकूम येतो अंडाशयाकडून, इस्ट्रोजेनचा. पण गंमत बघ, ज्या पेशीला इस्ट्रोजेनचा निरोप कळतो ती सहसा स्वतः विभागत नाही. ती अँफिरेग्युलिन नावाचं प्रथिन आपल्या अंगावर काढून धरते. अ‍ॅडॅम-१७ हे एन्झाइम ते कातरून मोकळं करतं. मोकळा झालेला तुकडा शेजारच्या फायब्रोब्लास्टच्या, म्हणजे भोवतीचं ऊतक विणणाऱ्या पेशीच्या, ईजीएफ रिसेप्टरवर (ईजीएफ या वाढ-रेणूचा निरोप झेलणाऱ्या प्रथिनावर) जाऊन बसतो. मग फायब्रोब्लास्ट एफजीएफ कुळातले रेणू सोडतो आणि ते कोंबातल्या पेशींना सांगतात, चला. तहसीलदाराचा हुकूम तलाठ्याकडे, तलाठ्याकडून कोतवालाकडे, आणि कोतवालाची दवंडी तुझ्या आजीच्या कानावर. मधला एक जण रजेवर गेला की काम अडलं. ज्या उंदरांत अँफिरेग्युलिनच नाही त्यांच्या नळ्या वयात आल्यावरही चरबीत पुढे सरकत नाहीत.

थांबा म्हणणाराही आहेच. १९८७ साली सिल्बरस्टीन आणि डॅनियल यांनी उंदराच्या स्तनात बारीक गोळ्या ठेवल्या, त्यातून टीजीएफ-बीटा हा संकेत-रेणू हळूहळू सुटेल अशा. जवळची वाढती टोकं जागच्या जागी थबकली, आणि गोळीचा असर ओसरल्यावर पुन्हा चालू लागली. दोन नळ्यांमध्ये मोकळी जागा राहते त्यात या रेणूचा मोठा हात आहे. कपाशीच्या दोन ओळींत अंतर का सोडतात ते तुला शिकवायला नको. टीजीएफ-बीटा हे नाव ध्यानात ठेव, पुढे हाच गडी पक्ष बदलतो.

आता पेशी चालते म्हणजे करते काय. तुझ्या कॉलेजात कल्चरची, म्हणजे डिशमध्ये पेशी वाढवायची, सोय असेल तर हा प्रयोग तूही करशील. डिशच्या तळाला पेशींचा अखंड थर झाला की पिपेटच्या पिवळ्या टिपने मधोमध एक सरळ ओरखडा काढायचा, सुटलेल्या पेशी धुऊन टाकायच्या आणि तासातासाला त्याच जागेचा फोटो घ्यायचा. काठावरची पेशी आधी ओरखड्याकडे तोंड करते. पुढच्या अंगाला एक पातळ पदर पसरते. तो पदर झटकलेल्या साडीसारखा फडफडतो, मागे मुडपतो, पुन्हा पसरतो, आणि कुठेतरी तळाला पकड बसली की मग मागचं अंग ओढून घेतलं जातं. पदरात रॅक नावाचं प्रथिन काम करतं, त्याच्या सांगण्यावरून अ‍ॅक्टिनचे धागे पुढे विणले जातात. मागच्या बाजूला रो असतं, ते मायोसिनला आवळायला लावतं. तळाची पकड इंटिग्रिन या प्रथिनाची. पकड बसली ही खबर आत पोचवतं एफएके हे एन्झाइम. डिशमध्ये ईजीएफ घातलं की त्याचा रिसेप्टर जागा होतो, पुढच्या टोकाला पीआय-३-कायनेज हे एन्झाइम चालू होतं आणि तिथून रॅकला चावी मिळते. एमसीएफ-१०ए नावाच्या, कॅन्सर नसलेल्या स्तनपेशी मी वाढवायचो. ईजीएफ असलेल्या डिशमधला ओरखडा दुसऱ्या दिवशी बुजलेला, नसलेल्या डिशमधला बराचसा उघडा.

पहिल्या वर्षी हे फोटो मी मोठ्या खुशीत गाइडना दाखवले. त्यांनी एवढंच विचारलं, "चालल्या का वाढल्या?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पेशी विभागून संख्येने वाढल्या तरी ओरखडा बुजतोच की. चार महिन्यांचं काम परत केलं, या खेपेला मायटोमायसिन-सी देऊन विभाजन थांबवून. तुझ्या प्रोजेक्टमध्ये हा प्रश्न परीक्षकाने विचारायच्या आधी तूच स्वतःला विचार. अजून एक. ओरखडा फक्त स्थलांतर दाखवतो. आक्रमण बघायचं तर वेगळी सोय लागते. १९६२ साली बॉयडनने काढलेल्या दोन कप्प्यांच्या पद्धतीत मधे छिद्रांचा पडदा असतो. स्तनपेशींसाठी बहुधा ८ मायक्रॉनची छिद्रं घेतात आणि त्यावर मॅट्रिजेलचा थर देतात. मॅट्रिजेल उंदराच्या एका गाठीपासून काढतात, त्यात लॅमिनिन आणि कोलॅजन-४ ही प्रथिनं भरपूर. उघड्या छिद्रातून सुरसुर खाली उतरणारी पेशी थर दिला की वरच अडकलेली दिसते. चालता येणं वेगळं आणि फोडून जाता येणं वेगळं. एमसीएफ-७ आणि एमडीए-एमबी-२३१ या दोन्ही पेशी स्तनाच्या कॅन्सरच्या बायांच्या फुप्फुसाभोवती साठलेल्या पाण्यातून आलेल्या. पण पहिल्या घोळका करून बसतात आणि थरातून फारशा जात नाहीत, तर दुसऱ्या लांबोळ्या होऊन एकेकट्या खाली उतरतात.

दिशेचं कोडं सोडवायला तुझ्या घरच्या शेतात ये. गुलाबी बोंडअळीसाठी कपाशीत कामगंध सापळे लावता ना? त्या ल्युअरमधला गंध म्हणजे संकेत-रेणूच. नर पतंगाला कोणी ढकलत नाही, तो वासाच्या मागाने येतो. पेशीचंही तसंच, फरक इतकाच की पतंग वाऱ्याच्या अंगाने माग काढतो आणि पेशी आपल्याच दोन टोकांची तुलना करते. पुढच्या टोकाच्या रिसेप्टरांवर रेणू जरा जास्त बसले, मागच्या कमी, की पुढे. अवघी एक-दोन टक्क्यांची तफावतही काही पेशींना पुरते. म्हणून 'किती ईजीएफ' याच्याइतकाच 'कुठल्या बाजूला जास्त' हा प्रश्न महत्त्वाचा. डिशभर सारखंच ओतलं तर पेशी हुंदडते खूप, पोचत कुठेच नाही.

आक्रमणाचा भाग मला स्लाइडवर रोज दिसतो. दूधनळीला आत दुधाच्या पेशींचा थर, त्याबाहेर मायोएपिथेलियल पेशींचा थर, आणि सगळ्याला वेढून बेसमेंट मेंब्रेन. शेताचा धुरा, म्हणजे बांध, समज. आतल्या पेशी कितीही बिघडल्या, नळी गच्च भरली, तरी धुरा शाबूत आहे तोवर आम्ही 'इन सिटू', म्हणजे जागच्या जागी, लिहितो. शंका आली की पी-६३ या प्रथिनाचा डाग लावून बघतो, धुऱ्यावरचे राखणदार, म्हणजे मायोएपिथेलियल पेशी, जागेवर आहेत का. तपकिरी ठिपक्यांची माळ नळीभोवती दिसली की जीव भांड्यात पडतो. ती तुटली आणि पेशी बाहेर सांडलेल्या दिसल्या की रिपोर्टचा मथळाच बदलतो. धुरा तोडायचं हत्यार म्हणजे एमएमपी कुळातली एन्झाइमं. पेशी ती सगळीकडे फवारत बसत नाही. तळाला बारीक टोकं काढते, त्यांना इन्व्हॅडोपोडिया म्हणतात, आणि एमएमपी-१४ त्या टोकांवरच आणून लावते. रानडुक्कर अख्खं कुंपण पाडत नाही, एक सांद बघून तिथेच मुसंडी मारतं. हे टोक कधी काढायचं ते एसआरसी नावाचं कायनेज ठरवतं, आणि त्याला उठवणारे पुन्हा तेच ईजीएफ आणि इंटिग्रिन. मग एन्झाइमच बंद केलं तर? तो विचार करून मॅरिमास्टॅटसारखी औषधं माणसांत वापरून पाहिली. सांधे-स्नायू दुखून रुग्ण हैराण झाले, आणि स्तनाच्या कॅन्सरमध्ये फायदा दिसला नाही. एक कारण सरळ आहे, औषध द्यायच्या वेळेपर्यंत धुरा कधीच ओलांडलेला होता.

आता पक्ष बदलणारा गडी. टीजीएफ-बीटा निरोगी पेशीला वाढू देत नाही. पण वाढीचे ब्रेक आधीच तुटलेले असतील तर त्याच रेणूचा दुसरा निरोप उरतो. स्मॅड प्रथिनं केंद्रकात जातात, स्नेल, स्लग, झेब, ट्विस्ट ही जनुकं चालू-बंद करणारी मंडळी जागी होतात आणि ई-कॅडहेरिनचं जनुक दाबतात. ई-कॅडहेरिन म्हणजे शेजारच्या पेशीचा धरलेला हात. हात सुटला, आकार लांबोळा झाला, पेशी एकटी निघाली. पुस्तकात याला, म्हणजे थरात बसणारी पेशी सुटी आणि भटकी होण्याला, ईएमटी म्हणतात आणि बाण काढून दाखवतात. बाण खोटा नाही, पण माझ्या टेबलावर गोष्ट इतकी सरळ नसते. सर्वांत जास्त आढळणाऱ्या डक्टल प्रकारात ई-कॅडहेरिनचा डाग बहुतेक वेळा लख्ख तपकिरी येतो, पेशी हात धरून टोळक्याने घुसलेल्या असतात, आणि तरी काखेतल्या लसिका गाठीत पोचलेल्या असतात. उलट लोब्युलर प्रकारात ई-कॅडहेरिन मुळातच गेलेलं असतं. तिथे पेशी एकामागे एक रांगेत, दिंडीसारख्या, कोलॅजनच्या धाग्यांमधून चाललेल्या दिसतात. पण त्यासाठी ईएमटी व्हावं लागलेलं नसतं, जनुकच बिघडलेलं असतं. उंदरांतल्या अलीकडच्या प्रयोगांत तर ई-कॅडहेरिन काढून घेतल्यावर पेशी जास्त घुसल्या, पण दूरच्या जागी रुजायला कमी पडल्या, वाटेतच मेल्या. तेव्हा परीक्षेत बाण काढ, पण मनात ठेव की हात सोडायचा कधी आणि पुन्हा धरायचा कधी, हे जमलेली पेशीच लांब जाते.

एचजीएफचं नाव तुझ्या यादीत असेलच. फायब्रोब्लास्ट वाढवलेल्या पाण्यात पेशींचे घोळके विस्कटणारा काहीतरी रेणू आहे हे स्टोकर यांच्या गटाला दिसलं, त्यांनी त्याला स्कॅटर फॅक्टर म्हटलं. यकृताच्या पेशी वाढवणारा एचजीएफ तोच, हे पुढे कळलं. एकच रेणू, एका खोलीत वाढवतो, दुसऱ्या खोलीत पांगवतो. हर-टू या रिसेप्टरची कथा निराळी. स्तनाच्या कॅन्सरच्या सुमारे १५ ते २० टक्के गाठींत त्याच्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतात. त्याला बाहेरून जोडणारा रेणू माहीतच नाही, पेशीच्या अंगावर गर्दी झाली की ते एकमेकांना आणि त्याच कुळातल्या हर-थ्रीला धरून आपोआप पेटतात. हुकूम नसताना चालू राहणारी ही दवंडी बंद करायला ट्रास्टुझुमॅब हे औषध आहे. १९९८ साली अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. आता आपल्याकडे त्याची भारतीय बनावटीची, तुलनेने स्वस्त रूपंही मिळतात.

गाठ हाताला दगडासारखी का लागते, हेही याच गोष्टीत येतं. सुई आत जाताना करकर जाणवते, कच्च्या पेरूत टोचल्यासारखी. ती करकर कॅन्सरच्या पेशींची कमी आणि भोवतीच्या कोलॅजनची जास्त. फायब्रोब्लास्ट कोलॅजन ओततात, एलओएक्स एन्झाइम त्याचे धागे एकमेकांत गुंतवून ताठ करतं. तळ ताठ झाला की इंटिग्रिनची पकड घट्ट होते आणि एफएके, रो जोरात चालतात. म्हणजे कडकपणा हासुद्धा एक निरोपच, रेणूशिवाय दिलेला. धागे गाठीच्या काठाला काटकोनात सरळ झाले की पेशी त्यांवरून चाकोरी धरल्यासारख्या बाहेर पडतात. आणि वाटाड्या असतो मॅक्रोफेज, शरीराच्या राखणीची एक पेशी. कॅन्सरची पेशी सीएसएफ-१ हा रेणू सोडून त्याला बोलावते, तो ईजीएफ सोडून तिला, आणि दोघं एकमेकांच्या मागे रक्तवाहिनीपर्यंत पोचतात.

मग मणकाच का? १८८९ साली लंडनच्या स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. रक्त सगळीकडेच जातं, पण दुय्यम गाठी ठरावीक जागीच रुजतात, हे त्यांना खटकलं. त्यांनी बियाणं आणि माती असा विचार मांडला. सरकी तीच, काळ्या कसदार रानात एक आणि बरडावर दुसरं, हे आपल्याकडे कोणाला समजावायला नको. त्या मातीची रेणूंतली ओळख २००१ साली पटली. स्तनाच्या कॅन्सर पेशींवर सीएक्ससीआर-४ रिसेप्टर जास्त असतो, आणि त्याला बोलावणारा सीएक्ससीएल-१२ हा रेणू लसिका गाठी, फुप्फुस, यकृत, अस्थिमज्जा इथे भरपूर असतो. पुन्हा कामगंध सापळा. हाडात पोचल्यावर जे होतं ते त्याहून वाईट. पेशी पीटीएचआरपी नावाचा रेणू सोडते, त्यामुळे हाड बांधणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट पेशी रँकएल हा दुसरा रेणू काढतात, रँकएलने हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी तयार होतात. हाड खाल्लं गेलं की त्यात साठवलेला टीजीएफ-बीटा मोकळा होतो आणि कॅन्सर पेशीला आणखी पीटीएचआरपी काढायला लावतो. चक्र. झोलेड्रोनिक अ‍ॅसिड आणि डेनोसुमॅब ही औषधं याच चक्रात काडी घालतात.

आता सुई. "दुखत तं नाही जी, मंग कायले टोचू?" हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो, आणि वर सांगितलेल्या सगळ्या रेणूंपैकी एकही दुखवत नाही, ही खरी अडचण आहे. हिशेब कर. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार, असं जवळपास तीस वेळा झाल्यावर एक सेंटिमीटरची गाठ होते. म्हणजे हाताला लागली तेव्हा तिचं वय वर्षांत मोजायचं असतं. त्या काळात धुरा तुटलेला असू शकतो, आणि काही पेशी निघून गेलेल्या असू शकतात. तुझ्या गल्लीतल्या काकूंच्या मणक्यातली गाठ दुखण्याइतकी मोठी व्हायलाच महिने लागले असतील, त्यामुळे सुई लागायच्या आधीच ती तिथे असणं फार संभवतं. सुईच्या वाटेत काही पेशी सांडतात, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेलं आहे. पण तळापासून सुटलेली पेशी बहुधा मरते, कारण इंटिग्रिनकडून येणारा 'जग' हा निरोप बंद पडतो. त्याला अनोइकिस म्हणतात. अशा मेलेल्या पेशी ना पदर पसरत, ना कुठल्या मागावर जात. सुई लावलेल्या बायांचं आयुष्य त्यामुळे घटतं असं दिसलेलं नाही.

तरी आजीला अगदीच वेड्यात काढू नकोस. गाठीला हात लावल्याने पेशी चाळवतात का, हा प्रश्न मोठ्या डॉक्टरांनीही गंभीरपणे घेतला. टाटा मेमोरियलचे राजेंद्र बडवे आणि सहकारी यांनी भारतातल्या ११ केंद्रांत १,५८३ स्त्रियांवर केलेला अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या जणींना ऑपरेशनच्या ७ ते १० मिनिटं आधी गाठीभोवती ०.५ टक्के लिग्नोकेन हे बधिर करायचं औषध टोचलं, बाकीच्यांना नाही. पाच वर्षांनी लिग्नोकेनच्या गटात ९०.१ टक्के जिवंत होत्या, दुसऱ्या गटात ८६.४. आजार न उलटता राहिलेल्या ८६.६ विरुद्ध ८२.६. कारण असं धरतात की कॅन्सर पेशींवर सोडियमच्या वाहिन्या असतात, त्या उघडल्या की पेशीचं घुसणं वाढतं, आणि लिग्नोकेन त्या बंद करतं. दात काढताना टोचतात तेच हे स्वस्त औषध. तुझ्या यादीत सोडियम नसेल, लिहून ठेव. आणि हा अभ्यास ऑपरेशनपुरता होता, बायोप्सीचा नव्हता, हेही लिही.

आत्याला सेवाग्रामच्या हॉस्पिटलला ने, नाहीतर यवतमाळच्या मेडिकलला. आधी सोनोग्राफी आणि मॅमोग्राफी होईल, मग ट्रुकट बायोप्सी, म्हणजे जाड सुईने गाठीचा बारीक तुकडा काढणं. रिपोर्टमध्ये ईआर, पीआर (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनचे रिसेप्टर) आणि हर-टू यांच्या तपासण्या आहेत का बघ. तो तुकडा ज्यात जपून ठेवतात तो मेणाचा ठोकळा पुढे लागतो, दुसरीकडे उपचार घ्यायचे झाले तर तो मागून घे. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती चिठ्ठी सोबत असू दे. आजीलाही ने. जागा बधिर करायला जे टोचतील ते बहुधा लिग्नोकेनच असेल, तिला दाखव. उपाशी राहायची गरज नसते, चहा-पोळी खाऊनच सकाळची गाडी धरा.